दहा हजार घोड्यांचा चारा

मी एका ऑडिओ मालिकेसाठी कथा लिहितो. सात राज्यं, उडणारे सर्प, मंत्रांनी बांधलेले दरवाजे असं सगळं तिच्यात आहे. तिसऱ्या पर्वातल्या युद्धाचे दहा भाग लिहून झाले होते. उत्तरेचा राजा दहा हजार घोडेस्वार आणि तीस हजार पायदळ घेऊन निघतो आणि पंधरा दिवसांत नदीकाठी येऊन धडकतो. तेही ऐन श्रावणात, कारण लढाईत पाऊस कानाला छान वाटतो. ध्वनिमुद्रणाला आठवडा उरला होता. घोड्यांचे आवाज जवळून ऐकावेत म्हणून दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो.

तापीकाठचा तो घोडेबाजार ज्यानं पाहिलाय त्याला वर्णन नको. एका जुन्या व्यापाऱ्याच्या राहुटीशी टेकलो. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, मीही म्हणू लागलो. एका घोडीचा पुढचा पाय दुमडून त्यांनी मांडीवर घेतला होता आणि लोखंडी आकडीनं खुरात अडकलेली काळी माती उकरत होते. माती निघाली तसा खुराच्या मधला मऊ भाग दिसला, पांढरट, ओलीनं फुगलेला. आप्पांनी तिथं अंगठा दाबला आणि घोडीनं सगळं अंग आखडून घेतलं. चार दिवस चिखलात उभी होती, एवढंच ते बोलले.

माझी श्रावणातली स्वारी तिथंच संपली. काळ्या मातीत दहा हजार घोडी पंधरा दिवस चालवायची म्हणजे निम्मी लंगडी होणार, आणि गाड्या तर आसापर्यंत रुतणार. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, हे शाळेपासून ठाऊक होतं. त्यामागचं कारण असं खुरात पाहिलं नव्हतं.

मग मी गोष्ट सांगितली. आप्पांनी सर्पांसकट सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "भाऊ, दहा हजार घोडास्ले चारा कोठून लयशी?"

वही उघडली. राबणाऱ्या घोड्याला दिवसाला आठ किलो कडबा आणि चार किलो हरभरा, असं आप्पांनी धरायला सांगितलं. दहा हजार घोड्यांचे झाले रोजचे १,२०० क्विंटल. बैलगाडीत दहा क्विंटल धरले तर रोजच्या १२० गाड्या. माणसांचं धान्य माणशी किलोभर, म्हणजे आणखी चाळीस. पंधरा दिवसांच्या २,४०० गाड्या! एका गाडीला बैलांसकट दहा मीटर वाट लागते, म्हणजे रांग चोवीस किलोमीटर. बैल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो. पहिली गाडी मुक्कामी पोचेल तेव्हा शेवटची जागची हललेलीसुद्धा नसेल. त्यात बैलजोडीला रोज पंधरा किलो चारा लागतो; पंधरा दिवसांत गाडीतला जवळपास पाव हिस्सा माल बैलच खाणार. मी हे चार वेळा मोजलं. चारही वेळा तेवढंच आलं.

एवढा खटाटोप कशाला, जादूची गोष्ट आहे, असं आमच्या टीममधली पोरं म्हणतात. पण आमचे कितीतरी श्रोते रात्री मोटर सुरू करून केळीला पाणी देताना ऐकतात. ते उडणारा सर्प आनंदानं मान्य करतात. पण उपाशी घोडा पंधरा दिवस दौडला, हे ते कसं मान्य करतील? त्यांना जनावर कळतं.

रात्री घरी येऊन मी नकाशा नव्यानं काढला. इतिहास तर याच मुलखात पडलाय. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडासारखा बेलाग किल्ला. वेढ्यात माणसं-जनावरं दाटीनं कोंडली गेली, आत रोगराई पसरली, आणि जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती गेला. १७२८ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी बऱ्हाणपूरला धाक घालून निजामाला मागे धावायला लावलं. जड तोफा मागे टाकून आलेल्या निजामाला त्यांनी वैजापूरजवळच्या पालखेडला अन्नपाण्यावाचून कोंडलं. मोठी लढाई न करताच तह झाला. हे सगळं मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

आता माझी नायिका राजाशी द्वंद्व खेळत नाही. ती दादर ज्वारीच्या कडब्याच्या गंजी मोजते. राजाच्या वाटेवरच्या कोणत्या गावात किती कडबा आहे ते शोधते आणि गाववाल्यांना तो डोंगरात हलवायला लावते. त्यासाठी तिला एकेका गावाची मनधरणी करावी लागते, कारण कडबा गेला तर त्यांची स्वतःची जनावरं काय खाणार? सर्वात अवघड प्रसंग मला तिथंच सापडला. दहा भागांतले सात पुन्हा लिहिले, ध्वनिमुद्रण पंधरा दिवस पुढे ढकलायला लावलं, त्यावरून बोलणीही खाल्ली.

नव्या पहिल्या भागात रणशिंग नाही. अर्ध्या रात्री शेवटची गाडी मुक्कामाला पोचते, गाडीवान जू उतरवतो, आणि बैल रिकाम्या गव्हाणीत तोंड घालतो.