आजीची सतार घेऊन मिरजेला

कोयना एक्सप्रेसमध्ये खिडकीची जागा मी सतारीला दिली आणि स्वतः कडेला बसले. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गवसणीवर आजीची गोधडी गुंडाळली होती. आदर्कीचा घाट गेला, सातारा गेलं, कऱ्हाडला चहा घेतला, पण हात काही गवसणीवरून निघेना.

आजी १९६४ साली याच मार्गाने गेली होती. तेव्हा पुणे-मिरज मीटरगेज गाडी होती. शाळेतल्या पगारातून दोन वर्षं साठवलेले पैसे पदराला बांधून ती एकटी गेली आणि सतार मांडीवर घेऊन परत आली. रोज दिवेलागणीला यमन राग. पुढे सांधे धरले, तार ओढून सूर लांबवायची मींड खेचवेना, तेव्हा नुसत्या तरफांवरून, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झणकारणाऱ्या बारीक तारांवरून, करंगळी फिरवायची आणि कान देऊन बसायची. "वाद्य मुकं ठेवू नये गं," एवढंच म्हणायची. ती गेल्यापासून दीड वर्ष सतार मुकीच होती. ही माझी चूक.

मिरजेत उतरून आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात ते वारले आणि त्यांना मिरजेत आणलं. उरुसाला अजून तिथे गवई हजेरी लावतात. आजीने त्या मैफलींचं वर्णन इतक्यांदा केलं होतं की आवारातलं चिंचेचं झाड मला ओळखीचं वाटलं.

तिथून सतारमेकर गल्ली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. आज त्यांचे वंशज तेच काम करतात. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानाच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचा भुसा, आणि लाखेचा वास. आजीच्या सतारीला अगदी आत नाक नेलं की हाच वास येतो.

दुकानातल्या कारागीर चाचांनी गवसणी सोडली, सतार उलटसुलट पाहिली, एक तार छेडली. आवाज बसका, फाटका.

"तारांनी घोडी खाल्लीय बघा, ताई. जवारी काढायला लागंल."

घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, हाडाला वरून अगदी हलका उतार असतो. तार त्याला निसटती टेकत थरथरते, म्हणून तो झणकार उठतो. वर्षानुवर्षं वाजवून तिथे घळी पडतात, मग हाड कानशीने घासून उतार नव्याने साधावा लागतो. तेच जवारी काढणं. हे मला माहीत होतं. पण बाजाच्या, म्हणजे मुख्य वाजवायच्या, तारेखालची ती खोल घळ पाहिली आणि जीव गलबलला. साठ वर्षांच्या संध्याकाळी त्या घळीत होत्या.

"हे तसंच ठेवून नाही का होणार?"

चाचा थांबले. "ठेवता येतं की. भिंतीला लावायला चांगली हाय."

मग मीच म्हटलं, घासा.

दोन तास मी समोर बसून होते. कानशीचे दोन हात, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा उतरवायची. मोजमापाचं एकही साधन नाही, सगळं कानावर. खाली वर्तमानपत्रावर हाडाची पांढरी पूड पडत होती. दांडीवरच्या धातूच्या पडद्यांनाही मींडेच्या जागी चरे पडले होते. ते एवढ्यात बदलायची गरज नाही, असं ते म्हणाले तेव्हा मला केवढं हायसं वाटलं!

शेवटी त्यांनी षड्ज, म्हणजे सा, छेडला. तो उठला, लांबला, आणि हात न लावलेल्या तरफा खालून बोलू लागल्या. गल्लीतून सायकल ढकलत चाललेला एक मुलगा दारात थबकला.

गवसणीच्या खिशात आजीची नखी होती, सतार छेडायला बोटात घालायची, तारेची. माझ्या बोटात ती जाईना. चाचांनी पक्कड घेतली, नखीची तार जराशी सैल केली आणि ती माझ्या तर्जनीवर चढवली.

"आता तुम्ही वाजवा."


दा. रा. दा. रा. लहानपणी तिने शिकवलं होतं तेवढंच.