मास्कमधला हरवलेला बिट

रात्रभर टेस्टिंगला लावलेलं कार्ड सकाळी पुन्हा अडकलेलं दिसलं. डेटा येत होता, जात मात्र नव्हता. पाठवणारी प्रोसेस इंटरप्टची, म्हणजे कार्डाकडून प्रोसेसरला येणाऱ्या इशाऱ्याची, वाट बघत बसलेली आणि लॉगमध्ये एकही एरर नाही. कार्ड चालवणारा हाच लिनक्स ड्रायव्हर एका कोरच्या जुन्या बोर्डावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता. चार कोरचा बोर्ड आला आणि हे दुखणं सुरू झालं.

शोधायला प्रिंट टाकले की दोष गायब, काढले की हजर. टायमिंग बदललं की लपतो, म्हणजे रेसच असणार: दोन कामं एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावत असणार. म्हणून या वेळी काहीही रीस्टार्ट न करता, अडकलेल्या अवस्थेतच कार्डाची रजिस्टरं, म्हणजे त्याच्या आतले नोंदींचे कप्पे, वाचली. इंटरप्ट मास्क, म्हणजे कोणता इंटरप्ट चालू आणि कोणता बंद हे ठरवणारे बिट: ०१. घेण्याचा इंटरप्ट चालू, पाठवण्याचा बंद. आणि रांगेत डेटा तर पडून! तो बिट कोणी पुसला?

बंद करणारी जागा कोडात एकच, आणि ती बरोबर होती. घात केला होता दुसराच बिट चालू करणाऱ्या ओळीनं. वर्कक्यूमधलं, म्हणजे कर्नलनं नंतर करायला ठेवलेल्या कामांच्या रांगेतलं, फंक्शन घेण्याचा बिट लावायला मास्क वाचतं: ००. त्याच वेळी दुसऱ्या कोरवर डेटा पाठवणारं राइट फंक्शनही वाचतं: ००. ते आपला बिट लावून १० लिहितं. मागोमाग पहिलं फंक्शन जुन्या ०० मध्ये आपला बिट लावून ०१ लिहितं. संपलं. वाचा, बदला, लिहा. सी भाषेत एका ओळीत मावल्या तरी पायऱ्या तीनच.

खात्रीसाठी वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये ५० मायक्रोसेकंदांचा विलंब घातला. रात्रभर वाट पाहायला लावणारा दोष काही सेकंदांत समोर आला. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

सहकाऱ्यानं विचारलं, "व्होलाटाइल लावलं तर?" सी भाषेतल्या या शब्दानं कंपायलर वाचन गाळणार नाही एवढंच, दुसरा कोर थांबत नाही. म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा आणि बाकीच्यांना झोपवून ठेवणारा लॉक, तोही बाद, कारण इंटरप्ट आल्यावर चालणारा हँडलरही हाच मास्क बदलतो आणि हँडलरला झोपायची मुभा नाही.

मी घाईत साधा स्पिनलॉक, म्हणजे न झोपता फिरत वाट पाहायला लावणारा लॉक, लावला. लॉकच्या चुका पकडणारं कर्नलमधलं लॉकडेप चालू होतं म्हणून वाचलो. त्यानं लगेच इशारा दिला. लॉक धरलेला असताना त्याच कोरवर इंटरप्ट आला, तर हँडलर लॉकसाठी फिरत राहणार आणि लॉक सोडणारा कोड पुढे सरकणारच नाही. म्हणून स्थानिक, म्हणजे त्याच कोरवरचे, इंटरप्ट बंद करून लॉक घेणारं, आयआरक्यूसेव्हचं रूप वापरलं.

विलंब मुद्दाम तसाच ठेवून कार्ड रात्रभर चालवलं. सकाळी डेटा दोन्ही बाजूंनी वाहत होता. मग विलंब काढला आणि लॉकच्या वर कॉमेंट लिहिली: मास्कला हात लावण्याआधी हा लॉक घ्या.