छातीवर ऐंशी किलो

मे महिना, दुपारचा दीड, लातूर. जिममध्ये मी एकटाच, बेंच प्रेस मारत होतो: बाकावर उताणं पडून रॉड छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. लाईट गेलेली, पंखा बंद, तळहात घामानं ओले. २० किलोचा रॉड, दोन्हीकडं तीस-तीसच्या प्लेटा. चौथ्या रॅपला, म्हणजे चौथ्यांदा खाली घेताना, रॉड छातीवर आला तो आलाच. प्लेटा सरकू नयेत म्हणून टोकांना लॉक लावलेले, म्हणून कलता करून प्लेटा पाडायचीही सोय नाही. शेवटी लाटण्यासारखा पोटावरून मांडीपर्यंत लोटत नेला आणि उठून बसलो. काळानिळा पट्टा आठवडाभर होता. घरी सांगितलं, गाडीवरून घसरलो.

पण खरं दुखणं खांद्याचं, आणि ते त्याआधीपासूनचं. शर्ट काढताना, फळीवरचा डबा घेताना कळ यायची. डॉक्टरांनी सहा आठवडे बेंच बंद केला. तेवढे दिवस फिजिओथेरपीत रबरी पट्टा ओढत बसलो. लाज वाटायची, पण खांदा त्यानंच सुटला.

परत आलो तेव्हा संध्याकाळच्या बॅचला आबा होते. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेला माणूस. रिकामा रॉड हातात देऊन म्हणाले, "कर." दोन रॅपमध्येच थांबवलं. "कोपरं कशाला पसरायलास रे? उडायचं हाय का?" दंड अंगाशी काटकोनात गेला की खांद्यावर जास्त ताण येतो, कोपर निम्मं आत घ्यायचं. मग त्यांनी माझ्या पाठीखाली, दोन्ही पात्यांच्या मधोमध बोट घातलं. "हे चिमटून धर. सुटलं की सेट संपला." त्या दिवशी पहिल्यांदा छातीला ताण कळला; तोवर सगळं खांद्यानंच ढकलत होतो.

अंगठा रॉडखालून न घेता नुसता टेकवून धरायची माझी सवय. ती त्यांनी एका वाक्यात मोडली: "निसटला तर गळ्यावर येतो." मनगट मागं न वाकवता रॉड तळहाताच्या बुडाशी, हाताच्या हाडावर बसवायचा, उतरवायचा स्तनाग्रांच्या जरा खाली, आणि वर जाताना किंचित तिरका, खांद्यांच्या रेषेत न्यायचा. हे बसायला महिना गेला.

आपल्याकडं सपोर्ट देणारा पहिल्या रॅपपासूनच रॉडखाली बोटं घालतो आणि वर ओरडतो, "तुझंच हाय, तुझंच हाय!" मग आपण नक्की किती उचललं ते देवालाच ठाऊक. आता मी आधीच सांगतो: रॉड थांबला किंवा मी "घे" म्हणालो, तरच हात लाव. माणूस नसेल तर रॉड झेलायला रॅकचे, म्हणजे बेंचभोवतीच्या लोखंडी चौकटीचे, आडवे पाईप. छाती फुगवून पाठीची कमान धरली की रॉड छातीला लागावा, आणि कमान सोडली की पाईपवर टेकावा, इतकी त्यांची उंची. ती रिकाम्या रॉडनंच तपासायची. खूप खाली ठेवलेले पाईप नुसते शोभेचे.

जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नव्हत्या, म्हणजे वाढवायचं तर दोन्हीकडं अडीच-अडीच, थेट पाच किलो. मी दोन विकत घेतल्या. पिशवीतून नेतो, पोरं हसतात.

डिसेंबरात ९० निघालं. परवा साडेब्याण्णव लावलं. अर्ध्यात अडकलं. कमान सोडली, रॉड ठण्णकन पाईपवर बसला. आबा लांबूनच म्हणाले, "निघ खालून. पुढच्याला येऊ दे."