रूदनिंकाईच्या जंगलातली घरं

जुलै २०१६ मध्ये लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला, चार दिवस होतो. ट्राकायचा किल्ला, चर्च, बाजार सगळं झालं. मनात राहिलं ते एका सकाळचं रूदनिंकाईचं जंगल.

शहराच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर. डांबरी रस्ता संपून वाळूची वाट लागली तसा टॅक्सीवाला पुढे यायला तयार होईना. मग वाटाड्याबरोबर चालत निघालो. उंच सरळसोट पाइन, खाली शेवाळ, मध्येच काळं साचलेलं पाणी. डासांनी अक्षरशः फोडून काढलं. मी कुरकुरत होते, तेवढ्यात वाटाड्या थांबला आणि बोट दाखवलं. मला नुसता मातीचा उंचवटा दिसला. जवळ गेल्यावर कळलं, ते घराचं छप्पर आहे! ओंडक्यांवर माती लोटलेली, त्या मातीत आता फर्न माजलेले आणि बर्चचं एक रोप उभं. दार म्हणजे बीळच. वाकून आत डोकावले. कुजक्या लाकडाचा वास आला, तळाला पाणी होतं. विल्नियसच्या घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, निसटलेल्या ज्यू मुलामुलींनी १९४३ चा हिवाळा असल्या घरांत काढला.

त्यांतली एक फान्या. आडनाव पुढे ब्रान्त्सोव्स्काया झालं, कारण नवराही तिला याच जंगलात भेटला. घेट्टोत असतानाच ती तिथल्या गुप्त सशस्त्र संघटनेत गेली होती. २३ सप्टेंबर १९४३ ला एका मैत्रिणीबरोबर ती बाहेर पडली, तेव्हा वय २१. नाझींनी घेट्टो कायमचा रिकामा केला तो हाच दिवस. आई, वडील, बहीण मागे राहिले ते कायमचेच. घेट्टोचं फाटक ज्या रस्त्यावर होतं, त्याचं नाव रूदनिंकू. या जंगलाचंच नाव! त्या फाटकाजवळची पाटी आम्ही आदल्याच दिवशी वाचली होती, तेव्हा हा धागा मला लागला नव्हता.

जंगलात या मुलांनी तारायंत्राचे खांब तोडले, रुळांखाली सुरुंग लावले. जंगलात धान्य मात्र पिकत नाही. ते आसपासच्या खेड्यांतून बंदुकीच्या धाकावर आणलं जायचं, आणि त्या खेड्यांतल्या लोकांच्या आठवणी वेगळ्या आहेत. तेही खरं आहे आणि ते लपवू नये असं मला वाटतं. पण शहराबाहेर पोनारला, सोव्हिएतांनी तेलाच्या टाक्यांसाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यांच्या काठावर सुमारे ७०,००० ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. त्या खड्ड्यांपाशी उभं राहून आल्यावर या मुलांना बंदूक का उचललीत असं विचारायची माझी तरी हिंमत नाही.

घरी आल्यावर वाचत बसले तेव्हा समजलं, फान्याबाई त्या वेळी विल्नियसमध्येच होत्या. चौऱ्याण्णव वर्षांच्या. विद्यापीठातल्या यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) संस्थेचं ग्रंथालय त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं, आणि येणाऱ्या पाहुण्यांना त्या स्वतः या जंगलात घेऊन जायच्या, हीच घरं दाखवायला. हे आधी वाचलं असतं तर एक पत्र तरी पाठवलं असतं. जमलं असतं तर भेटलेही असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये, १०२ व्या वर्षी त्या गेल्या. बातमी वाचली आणि जुने फोटो काढून बसले. विद्यापीठाच्या आवारातले माझे अकरा फोटो आहेत. जंगलातला एकही नाही. डासांना कंटाळून मी दहा मिनिटांत परत फिरले होते.