लाईट गेल्यावर पाणी कुठे जाईल?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि कर्ली खाडीकाठच्या आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. ओटीवरची माशांची तीन फुटी टाकी तेव्हा कॅनिस्टर फिल्टरवर चालायची. पाणी थांबलं की फिल्टरच्या बंद डब्यातले, माशांची घाण पचवणारे जिवाणू प्राणवायूविना काही तासांतच मरायला लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. लाईट आल्याबरोबर मी फिल्टर तसाच सुरू केला. आतलं सडकं पाणी टाकीत उतरलं आणि तोवर तगलेले मासेही सकाळपर्यंत गेले. त्यातली कालुंदर या खाडीतल्या माशांची जोडी चार वर्षं माझ्याकडे होती. ती सकाळ अजून मनातून जात नाही.

म्हणून सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी करायचं ठरलं, तेव्हा वहीत पहिली ओळ लिहिली ती हीच: लाईट गेल्यावर पाणी कुठे जाईल? पंप कुठला, मीडिया (जिवाणू ज्यावर वाढतात ते भरण) कुठला, हे सगळं त्याच्या नंतर.

टाकी २४ घनफुटांची, म्हणजे सुमारे ६८० लिटरची. या वेळी खाली उघडा संप, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी, ठेवायचा हे नक्की होतं, कारण उघड्या पाण्यात जिवाणूंना थोडा तरी श्वास मिळतो. संप तीन बाय दीड बाय दीड फुटांचा केला. पाणी, काच मिळून एक टनाच्या आसपास वजन. लोखंडी स्टँड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून दोन बाजूंना चिऱ्याच्या भिंती आणि वर सळई घातलेला पाच इंची काँक्रीटचा स्लॅब घातला. समोरची बाजू पूर्ण मोकळी ठेवली. संप कधी फुटला तर भिंत न तोडता बाहेर काढता यायला हवा.

टाकीला पाईपांसाठीची भोकं काचवाल्याकडूनच पाडून घेतली. यात एक गोष्ट आवर्जून सांगतो: टँक निपल, म्हणजे भोकात बसवून पाईप जोडायचे तुकडे, आधी विकत घ्यायचे आणि ते हातात घेऊन काचवाल्याकडे जायचं. दीड इंची निपलला लागणारं भोक दीड इंचाहून बरंच मोठं असतं आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. टफन्ड काचेला तर भोक पाडताच येत नाही, ती फुटते.

खाली उतरणारे पाईप दोन. मुख्य दीड इंची पाईप पाण्याखालीच राहतो, त्यावर गेट व्हॉल्व, म्हणजे चाक फिरवून हळूहळू बंद होणारी झडप. तो हळूहळू आवळत गेलं की एका क्षणी पाईपमधली हवा संपते आणि गुडगुड पूर्ण थांबते. दुसरा पाईप जरा उंच, एरवी जवळजवळ कोरडा. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकलं तर पाणी याच्यातून उतरतं, आणि त्याच्या आवाजानेच आपल्याला कळतं. बॉल व्हॉल्वने इतकं बारीक जुळत नाही. पितळेचा गेट व्हॉल्व मी नाकारला, कारण आमच्या मऊ पाण्यात तांबं माशांना लवकर बाधतं. प्लास्टिकचा कुडाळात मिळाला नाही, तो कोल्हापुरातून मागवला.

पंपातून टाकीत वर जाणारा पाईप मात्र चुकला. त्याचं तोंड पाण्याच्या सहा इंच खाली ठेवलं होतं. वाडीतला प्लंबर म्हणाला, "काकानू, एनआरव्ही लावलंय. पाणी मागे येवचा नाय." एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मलाही ते पटलं. पाणी भरून चाचणी घेतली आणि पंप बंद केला, तर एनआरव्हीच्या झडपेत वाळूचा खडा अडकलेला. पाणी त्याच पाईपमधून उलटं खाली यायला लागलं. टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर, सहा इंच म्हणजे जवळपास १७० लिटर. संपात जागा होती ६४ लिटरची. बाकीचं ओटीवरून अंगणात गेलं. मासे आणले नव्हते म्हणून निभावलं.

मग पाईपचं तोंड पाण्याखाली जेमतेम एक इंचावर आणलं आणि एनआरव्ही काढूनच टाकला. आता पंप थांबला की तोंड उघडं पडेपर्यंतचं आणि पाईपमधलं मिळून सुमारे ५० लिटर खाली येतं. संपावर १२ इंचाला तांबडी रेघ मारली आहे. चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मीडिया म्हणून भांडी घासायचे प्लास्टिकचे चोथे भरले, त्याआधी गाळायची पिशवी. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारे जोड), म्हणजे धुवायला पाईप कापावा लागत नाही. मग रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणू वाढवायला घेतले. खाद्य सडून माशांना विषारी असा अमोनिया होतो आणि जिवाणू तो पचवतात. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया कमी व्हायचाच थांबला. सामू (पीएच) सहावर आलेला. विहीर जांभ्यातली, पाणी मऊ. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली क्षारता खातात, आणि आमच्या पाण्यात ती मुळातच थोडी. दुकानात यावर पुड्या मिळतात, पण घरात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग होता. उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत भरून संपात ठेवल्या. आम्ल पाण्यात चुना हळूहळू विरघळतो. दहा-बारा दिवसांत सामू सातच्या वर गेला आणि अमोनिया शून्यावर आला. सगळं मिळून सहा आठवडे लागले. त्यानंतरच खाडीत पाग मारणाऱ्या शेजाऱ्याकडून सहा लहान कालुंदर घेतले आणि आठवडाभर खाडीच्या पाण्यात थोडं थोडं विहिरीचं मिसळत टाकीत सोडले.

जूनच्या पहिल्या वादळी रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. मी टॉर्च घेऊन ओटीवर आलो. संपातलं पाणी चढत होतं, काठाच्या इंचभर खाली येऊन थांबलं. इन्व्हर्टरवरचा हवेचा छोटा पंप चालू झाला होता. पहाटे लाईट आली, पाईपमधली हवा अर्धा मिनिट गुडगुडली आणि मुख्य पाईप पुन्हा गप्प झाला. कालुंदर दगडामागून एकेक करून पुढे काचेशी आले.