पडद्यावरचे वर्तुळ आणि कापडावरचे

माझे भरतकामाचे यंत्र कोणत्या प्रकारच्या फाइल वाचते हे मी पुस्तिकेत पाहिले आणि त्यानुसार चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणारी तीन सॉफ्टवेअर निवडली. एवढे काम एका संध्याकाळी उरकले. पुढचे अकरा दिवस मात्र एका नमुन्यावर अडले, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

पहिल्या पसंतीच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती चित्रावर आपोआप टाके घालून दाखवत असे. पडद्यावर ते फार सुबक दिसत, पण यंत्राला देण्याजोगी फाइल तिच्यातून बाहेर काढता येत नव्हती. म्हणून मी विक्रेत्याकडे एवढेच मागितले की माझ्या बोधचिन्हाची, म्हणजे काठ असलेल्या एका भरीव वर्तुळाची, फाइल त्यांनी करून द्यावी. आधी माहितीपत्रक आले, मग त्यांच्याच तयार फुलाची फाइल आली, आणि त्यानंतर आधी परवाना घ्या, मग हवे तितके नमुने काढा, असा सल्लाही मिळाला. मी हट्ट सोडला नाही. अकराव्या दिवशी फाइल आली, ती मी होजिअरीच्या कापडावर काढली, तर वर्तुळ अंडाकृती झाले आणि भराव व काठ यांच्यामध्ये फट पडली. धाग्याच्या ताणाने कापड टाक्याच्या दिशेने आकसते. म्हणून त्या दिशेने आकार थोडा वाढवावा लागतो, ज्याला पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि खाली अंडरलेचे आधारटाकेही लागतात. या दोन्ही गोष्टी हाताने बदलण्याची सोय फक्त महागड्या आवृत्तीत होती, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

पैसे भरण्याआधी हे कळले याचे मला आजही हायसे वाटते. अखेर इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारे इंकस्टिच हे मोफत सॉफ्टवेअर मी घेतले. ते शिकायला चिकाटी लागते, पण तिथे या दोन्ही गोष्टी आपल्या हातात राहतात.

डीएसटी या भरतकाम यंत्रांच्या फाइल-प्रकारात धाग्यांचे रंग साठवले जात नाहीत, हे आधीच सांगायला हवे होते. पडद्यावर भलतेच रंग दिसल्याने मी उगीच घाबरले होते. आता रंगांचा क्रम कागदावर लिहून ठेवते. मूळ नक्षीची फाइलही जपावी, कारण डीएसटीमध्ये फक्त टाके असतात आणि यंत्रावर नक्षी बरीच मोठी केली तर ते विरळ पडतात.