भावाच्या खुनाचा खटला : शिक्षा वाढेपर्यंतची वाट

सत्र न्यायालयानं आरोपीला दोषी धरलं, पण त्याचं समाधान संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. भारतीय दंड संहितेच्या 302 (खून) ऐवजी 304 चा दुसरा भाग (मारायचा इरादा नाही, पण जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, असा सदोष मनुष्यवध) लागला आणि पाच वर्षं सक्तमजुरी झाली. बांधावरचं भांडण, अचानक आलेला राग, आधी ठरवून काही नाही, अशी कारणं निकालात होती. वहिनी एकच विचारत राहिली, "पाचच का?"

हायकोर्टात जाऊन शिक्षा वाढवून मागायची, असं आम्ही घरात ठरवलं. वकीलसाहेबांनी तिथेच थांबवलं. "ताई, शिक्षा कमी पडली म्हणून अपील करायचा हक्क तुम्हाला नाही. तो सरकारला आहे."

हे ऐकून मी सुन्न झाले. ज्याच्या घरातला माणूस गेला त्यालाच हे विचारता येत नाही? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 372 ला 2009 मध्ये जोड मिळाली आणि पीडिताला तीन गोष्टींवर अपील करता येऊ लागलं : आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. शिक्षेचा आकडा त्यात नाही. परविंदर कन्सल खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. शिक्षा वाढवून मागायचा हक्क त्या संहितेच्या कलम 377 खाली राज्य सरकारचा होता.

मग दोन वाटा एकदम धरल्या. कमी गंभीर कलम लावलं, म्हणून वहिनीच्या नावानं आमचं अपील. त्याला आधी परवानगी घ्यावी लागत नाही, हे 2018 च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानं पक्कं झालं आहे. आणि सरकारनं शिक्षावाढीसाठी अपील करावं, म्हणून जिल्हा सरकारी वकिलांकडे अर्ज. या दुसऱ्या अर्जाचा पाठपुरावा मी कधी सोडला नाही. कारण वकीलसाहेबांनी बजावलं होतं की आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा कमी होऊ शकते, कायम राहू शकते, वाढवता मात्र येत नाही.

आरोपीनंही अपील केलं होतंच. त्याची शिक्षा स्थगित झाली आणि तो जामिनावर गावात आला. मुदतीची शिक्षा छोटी असली की अपील निघेपर्यंत ती भोगून संपू शकते, म्हणून कोर्ट सहसा अशी स्थगिती देतं. हे कारण मला कळतं. तरी आठवडी बाजारात तो समोरून आला की वहिनी हातातली पिशवी तिथेच ठेवून परत फिरायची.

आमचं, सरकारचं आणि आरोपीचं, अशी तिन्ही अपिलं हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात दोन न्यायमूर्तींपुढे एकत्र लागली. तिथे साक्षीदार नसतात, असतं ते पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जबान्या आणि कागदपत्रांचा बांधलेला संच. बहुतेक वेळ शवविच्छेदनाच्या अहवालावर गेला. डोक्यावर दोन घाव. पहिला समोरून, कपाळाच्या वर. दुसरा मागच्या बाजूला. एका न्यायमूर्तींनी विचारलं, "दुसरा घाव बसला तेव्हा मयत उभा होता की पडलेला?" प्रत्यक्षदर्शीची जबानी पुन्हा वाचली गेली : भाऊ खाली पडला, मग आरोपीनं फावडं पुन्हा उचललं. सगळी अपिलं या एका वाक्याभोवती फिरली. फावडं तिथेच पडलेलं होतं, घरून आणलेलं नव्हतं. म्हणून 302 लागलं नाही. पण पडलेल्या माणसाच्या डोक्यावर घाव घालताना नुसती जाणीव नसते, इरादा असतो, म्हणून 304 चा पहिला भाग लागला.

शिक्षेवर आरोपीच्या वकिलांनी जोर लावला : वय कमी, लहान मुलं, आधीचा गुन्हा नाही, आणि खालच्या कोर्टाचा विवेकाधिकार. त्यांनी 1955 चा बेदराज निकाल वाचला. वरच्या कोर्टाला वेगळी शिक्षा योग्य वाटते एवढ्यावर ती वाढवता येत नाही, फार सबळ कारण लागतं, असं त्यात आहे. हे तत्त्व मला पटलं, आमच्या विरुद्ध असूनही. निकाल प्रत्येक पायरीवर न्यायाधीशाच्या मनाप्रमाणे बदलू लागले तर कोणालाच न्याय मिळणार नाही. सरकारी वकिलांचं उत्तर मुद्द्याचं होतं : सत्र न्यायालयाच्या शिक्षेच्या परिच्छेदात आरोपीच्या घरची परिस्थिती आहे, दुसऱ्या घावाचा उल्लेखच नाही. महत्त्वाची गोष्ट विचारातच घेतली नसेल तर हस्तक्षेप करता येतो. कोर्टानं ते मान्य केलं. दहा वर्षं सक्तमजुरी झाली, आणि दंडातली मोठी रक्कम वहिनीला भरपाई म्हणून देण्याचा आदेश. आरोपीला शरण यायला मुदत मिळाली. आधी तुरुंगात काढलेला काळ या दहा वर्षांतून वजा होईल.

या वाटेवर कोणी असेल तर निकालाची नक्कल हातात येताच शिक्षेचा परिच्छेद आधी वाचा. त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय सुटलंय ते शोधा, आणि तेच मुद्दे सरकारी वकिलांना लेखी द्या. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे; तिच्यात पीडिताचं अपील कलम 413 खाली आणि शिक्षावाढीचं सरकारी अपील 418 खाली येतं.